नेम, नजर आणि नेत्रिका : रायफलीच्या दुर्बिणीच्या जुळणीविषयी

१

मराठीत शिस्त म्हणजे वागणुकीतील नियमितपणा. शाळेची शिस्त, घरातील शिस्त, लष्करी शिस्त हे प्रयोग इतके रूढ आहेत की, ह्या शब्दाला दुसरा काही अर्थ असू शकेल अशी शंकाही सहसा कुणास येत नाही. परंतु परभणीच्या एखाद्या महाविद्यालयातील छात्रसैनिक .२२ बोअरची रायफल घेऊन चांदमारीच्या मैदानावर प्रथमच पालथा पडतो, तेव्हा हिंदीतून चाललेल्या शिकवणीत 'शिस्त लेना' हे शब्द त्याच्या कानी येतात. तेथे शिस्त ह्याचा अर्थ नेम असा आहे, आणि तोच ह्या शब्दाचा जुना अर्थ होय. फारसीत 'शस्त' म्हणजे अंगठा, तसेच धनुष्याची दोरी ओढताना धनुर्धर अंगठ्यात घालीत असे ते कडे. त्यावरून नेम हा अर्थ निघाला. जुन्या मराठीतही बंदुकीची शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे होय. नेमाच्या सरळ रेषेवरून रांगेचा सरळपणा आणि रांगेवरून वर्तनाचा सरळपणा, असा पुढील अर्थविस्तार झालेला दिसतो. 'नेम' ह्या शब्दाचा प्रवास मात्र नेमका उलट दिशेने झाला आहे. संस्कृत 'नियम' ह्यापासून आलेला हा शब्द 'नेमाने', 'नेमधर्म' अशा प्रयोगांत मूळ अर्थ राखून आहे. तथापि 'नेम धरणे' ह्यात तो लक्ष्यावर स्थिरावला आहे. एक शब्द नेमाकडून नियमाकडे गेला, दुसरा नियमाकडून नेमाकडे आला.

परभणीच्या परिसराला शस्त्रांची भाषा नवी नाही. १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच असलेल्या हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंट ह्या फौजेची छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही तेथील वस्त्यांची नावे त्या छावणीची साक्ष देतात. बंदुकीच्या अवयवांची नावेही मराठीत जुनी व नेटकी आहेत : नळी, दस्ता, चाप, घोडा, आणि नळीच्या टोकावरील नेमाचा लहानसा उंचवटा ती माशी. पण रायफलीवर दुर्बीण चढली, की ही नेटकी भाषा अपुरी पडू लागते. दुर्बीण हा शब्द आपल्याजवळ आहे. तोही फारसीच, 'दूरचे पाहणारी' अशा अर्थाचा. तिच्या ज्या तीन वेगवेगळ्या जुळण्या कराव्या लागतात, त्यांना मात्र वेगवेगळी नावे नाहीत. 'दुर्बीण लावली' ह्या एकाच वाक्याने ती रायफलीवर बसविली, डोळ्याला लावली, स्पष्ट दिसेल अशी फिरविली आणि गोळी नेमावर पडेल अशी जुळविली, हे सर्व अर्थ व्यक्त होतात. हा केवळ शब्दांचा तुटवडा नव्हे. नावे एक झाली की क्रियाही एकमेकींत मिसळतात, आणि डोळ्याचा दोष रायफलीच्या माथी बसतो. तो कसा, हे पुढे क्रमाने पाहू.

२

प्रथम दुर्बीण नसलेल्या रायफलीचा विचार करू. तिच्यावर नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे लक्ष्य ह्या तीन गोष्टी एका रेषेत आणावयाच्या असतात. खाच डोळ्यापासून दोन-तीन विती, माशी सुमारे पाऊण ते एक मीटर, आणि लक्ष्य पंचवीस, पन्नास किंवा शंभर मीटर दूर. मानवी डोळा एका क्षणी एकाच अंतरावरील वस्तू पूर्णपणे स्पष्ट पाहू शकतो. म्हणून नवशिक्यास असे शिकवितात की, नजर माशीवर ठेवावी. लक्ष्य किंचित धूसर दिसले तरी चालेल.

जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करण्यासाठी डोळ्यातील भिंग फुगते. ह्या क्रियेस समायोजन म्हणतात. ही शक्ती वयाबरोबर कमी होत जाते. ती डायॉप्टर ह्या एककात मोजतात. फेर्दिनां मॉन्वाये ह्या फ्रेंच नेत्रवैद्याने ते १८७२ साली सुचविले. मीटरमध्ये मोजलेल्या अंतराचा व्यस्तांक म्हणजे डायॉप्टर. दहाव्या वर्षी समायोजनाची शक्ती सुमारे १४ डायॉप्टर असते, चाळिशीत ती ४ ते ६ वर येते आणि साठीत जेमतेम १ उरते. पुस्तक एक तृतीयांश मीटरवर धरून वाचण्यास ३ डायॉप्टर लागतात. तेही सतत पुरवायचे तर पदरी काही शिल्लक असावी लागते. म्हणूनच चाळिशी ओलांडली की पुस्तक लांब धरावेसे वाटते. मराठीने ह्या शारीरिक घटनेची नोंद एकाच शब्दात करून ठेवली आहे. चाळिशी म्हणजे वय, आणि चाळिशी म्हणजे त्या वयात लागणारा चष्माही.

चाळिशी लागलेल्या नेमबाजास माशी अंधुक दिसू लागते. ह्यावर एक उपाय लहान छिद्रातून पाहण्याचा. छिद्र लहान असेल तर जवळचे व दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. ऑलिंपिकच्या रायफल-स्पर्धांत दुर्बीण चालत नाही; तेथे अशाच छिद्रातून नेम धरतात. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे ह्यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळविले, ते दुर्बिणीवाचूनच. दुसरा उपाय दुर्बिणीचा. ती लक्ष्य मोठे करून दाखविते हा तिचा दुय्यम गुण होय. तिचा मुख्य गुण असा की, ती लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाची खूण ह्या दोहोंना एकाच पातळीत आणते. डोळ्यास तीन अंतरांवर नजर ठेवण्याची कसरत उरत नाही. परंतु हा गुण आपोआप सिद्ध होत नाही. जुळणी योग्य असेल तरच होतो.

३

दुर्बिणीच्या पुढच्या टोकास असलेले मोठे भिंग म्हणजे पदार्थभिंग. लक्ष्याकडून येणारा प्रकाश ते नळीच्या आत एका पातळीवर एकत्र आणते, आणि तेथे लक्ष्याची लहान, उलटी प्रतिमा तयार होते. मधल्या भिंगांची जोडी ती प्रतिमा सुलटी करून आणखी मागे, दुसऱ्या पातळीवर पाडते. शेवटी डोळ्याजवळची नेत्रिका. ती साध्या वाचनभिंगासारखी असून त्या प्रतिमेकडे पाहण्याचे काम करते. ह्या दोन पातळ्यांपैकी एकीवर आडव्या-उभ्या बारीक रेषांची फुली बसविलेली असते. ती फुली म्हणजे नेमाची खूण.

ही फुली दुर्बिणीच्या आत ठेवण्याची कल्पना यॉर्कशरमधील विल्यम गॅस्कॉइन ह्यास १६४० च्या सुमारास सुचली. त्याच्या उघड्या पडलेल्या उपकरणात एका कोळ्याने जाळे विणले, आणि त्यातील एक तंतू नेमका प्रतिमेच्या पातळीत आल्यामुळे ताऱ्याबरोबरच स्पष्ट दिसला, असे सांगतात. गॅस्कॉइन १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला, पण त्याची कल्पना टिकली. मोजणीच्या यंत्रांत कोळ्याचा तंतू पुढे दीर्घकाळ वापरात होता. नंतर तारा व काचेवर कोरलेल्या रेषा आल्या.

आता मुख्य मुद्दा असा की, नेत्रिकेचा संबंध लक्ष्याशी नसून फुलीशी आहे. नेत्रिका म्हणजे फुली पाहण्याचा चष्मा होय, आणि चष्मा ज्याचा त्याचा असतो. निर्दोष डोळ्याला नेत्रिका फुलीपासून एका विशिष्ट अंतरावर हवी असते. ज्याला दूरचे अंधुक दिसते, म्हणजे ज्याच्या चष्म्याचा अंक उणे आहे, त्याला चष्म्यावाचून पाहताना ती किंचित आत, फुलीच्या जवळ घ्यावी लागते. ज्याचा अंक अधिक आहे त्याला ती बाहेर काढावी लागते. बहुतेक दुर्बिणींच्या नेत्रिकेला दोन्ही बाजूंस सुमारे २ ते ३ डायॉप्टरपर्यंतचा फेर दिलेला असतो. ह्या फेराने नेमाची दिशा बदलत नाही, कारण फुली आणि प्रतिमा जेथल्या तेथे राहतात. बदलते ते केवळ त्यांच्याकडे पाहणे. म्हणून एकच रायफल अनेकांच्या हातून जात असेल तर प्रत्येकाने नेत्रिका आपल्या डोळ्यास जुळवून घेण्यास कोणतीही हरकत नाही. आधीच्या माणसाने जुळविलेला नेम त्याने बिघडत नाही.

४

ह्या पहिल्या क्रियेस 'नेत्रजुळणी' म्हणता येईल. दुसरी 'लक्ष्यजुळणी'. लक्ष्य जवळ असले की त्याची प्रतिमा नळीत थोडी मागे पडते, दूर असले की थोडी पुढे. ती बरोबर फुलीच्या पातळीत आणण्यासाठी अनेक दुर्बिणींच्या डाव्या अंगास एक फिरकी किंवा पदार्थभिंगाभोवती एक कडे असते. साध्या दुर्बिणींत ही सोय नसते. त्या कारखान्यातच एका अंतरासाठी, बहुधा शंभर यार्डांच्या आसपास,.२२ बोअरसाठी असल्यास सुमारे पन्नास यार्डांसाठी, जुळवून दिलेल्या असतात. तिसरी 'नेमजुळणी'. वरच्या व उजव्या अंगाच्या दोन फिरक्यांनी नेमाची रेषा वर-खाली व डावी-उजवीकडे सरकवून गोळी जेथे पडते तेथे ती आणावयाची. ह्यालाच बोलण्यात 'झिरो करणे' म्हणतात. ह्या फिरक्या खटक्या-खटक्याने फिरतात, आणि पाव मिनिट कोनाचा एक खटका शंभर मीटरवर नेमाची रेषा सुमारे ७ मिलिमीटर हलवितो.

तिन्ही जुळण्यांचा क्रम हा असा, आणि तो उलटला की दोष निर्माण होतो. समजा, नेत्रिका डोळ्यास जुळलेली नाही. फुली किंचित अंधुक आहे, पण नेमबाजाचे लक्ष तिच्याकडे नाही. त्याला लक्ष्य स्पष्ट हवे आहे. तो बाजूची फिरकी फिरवितो आणि लक्ष्य रेखीव दिसू लागते. त्याला समाधान वाटते. वस्तुतः त्याने लक्ष्याची प्रतिमा आपल्या डोळ्याच्या सोयीच्या जागी आणली आहे, फुलीच्या पातळीत नव्हे. आता फुली एका पातळीत आहे आणि प्रतिमा दुसऱ्या. एका दोषाने दुसरा दोष झाकला एवढेच.

दोन पातळ्या वेगळ्या असल्या की काय होते, हे भिंतीवरील घड्याळावरून कळेल. काटा तबकडीच्या थोडा पुढे असतो; समोरून पाहिले तर तो बारावर दिसतो, बाजूने पाहिले तर बाराच्या अलीकडे वा पलीकडे. काटा हललेला नसतो. पाहणारा हललेला असतो. ह्या आभासी सरकण्यास भारतीय ज्योतिषात 'लंबन' म्हणत, आणि आजच्या मराठी परिभाषेत 'पराशय' म्हणतात. दुर्बिणीत पराशय असेल तर गाल दस्त्यावर जरा इकडेतिकडे टेकताच फुली लक्ष्यावरून सरकते. ह्याचे प्रमाण साध्या भूमितीने काढता येते. पदार्थभिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे आणि दुर्बीण १०० मीटरसाठी जुळलेली आहे असे धरू. लक्ष्य २०० मीटरवर असेल आणि डोळा पार कडेला गेला तर चूक २० मिलिमीटरपर्यंत होऊ शकते. लक्ष्य ५० मीटरवर असेल तर १० मिलिमीटरपर्यंत. डोळा बरोबर मध्यावर असेल तर चूक शून्य. प्रत्यक्षात डोळा दर वेळी थोडा वेगळ्या जागी असतो. म्हणून गोळ्या एका दिशेने चुकत नाहीत, त्या विखुरतात.

येथेच रायफलीवर अन्याय होतो. गोळ्या विखुरलेल्या पाहून नेमबाज वरच्या फिरकीचे खटके फिरवू लागतो. एक गोळी खाली पडली म्हणून दोन खटके वर, पुढची उजवीकडे गेली म्हणून दोन खटके डावीकडे. पण नेमजुळणीने विखुरलेल्या गोळ्या एकत्र येत नाहीत. ती फक्त सगळा पुंजका उचलून दुसरीकडे नेते. म्हणून नियम असा : गोळ्या एकत्र पण भलत्या जागी पडत असतील तर नेमजुळणी पाहावी, विखुरत असतील तर आधी आपला डोळा, गालाची ठेवण आणि पहिल्या दोन जुळण्या पाहाव्यात, मग श्वास व चापावरील बोट, आणि सर्वांत शेवटी रायफलीस दोष द्यावा.

५

नेत्रजुळणी करण्याची पद्धत अशी. प्रथम रायफल रिकामी आहे ह्याची दोनदा खात्री करून घ्यावी आणि नळी सुरक्षित दिशेस ठेवावी. रायफलीची दुर्बीण ही आसमंत न्याहाळण्याची दुर्बीण नव्हे. ती जिकडे पाहते तिकडेच नळी रोखलेली असते. म्हणून माणूस, घर, रस्ता वा जनावर ह्यांच्याकडे ती कधीही वळवू नये. पार्श्वभूमी म्हणून कोरे, उजळ आकाश किंवा पांढरी भिंत घ्यावी. सूर्याच्या बाजूचे आकाश मात्र कटाक्षाने टाळावे, कारण दुर्बिणीतून सूर्य दिसल्यास डोळा कायमचा अधू होऊ शकतो. पार्श्वभूमी कोरी का, तर डोळ्याला फुलीखेरीज दुसरे काही पाहावयास मिळू नये.

ज्या चष्म्याने नेमबाजी करावयाची तोच चष्मा लावावा. नेत्रिका पूर्ण बाहेर फिरवावी. फुली अंधुक होईल. मग थोडी थोडी आत घेत जावे आणि फुली ज्या ठिकाणी प्रथम रेखीव होईल तेथेच थांबावे. प्रत्येक वेळी दोन-तीन क्षणच पाहावे, नजर काढून दूरच्या झाडाकडे न्यावी आणि पुन्हा पाहावे. टक लावून पाहत राहिले की डोळा समायोजन करून फुली आपणच स्पष्ट करून घेतो, आणि जुळणी झाल्याचा भास होतो. तरुण डोळ्याच्या बाबतीत हा धोका अधिक. त्याची शक्ती मोठी असल्याने तो दोन डायॉप्टरची चूकही मुकाट्याने सोसतो. पण तासाभराने डोळा शिणतो, पाणी येते, आणि सकाळी बरोबर लागणारा नेम दुपारी चुकू लागतो. चाळिशीपुढचा डोळा अशी लपवालपवी करू शकत नाही. फुली अंधुक असेल तर त्याला ती अंधुकच दिसते, आणि ह्या एका बाबतीत त्याची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते.

काही खुणा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. उभी रेषा रेखीव आणि आडवी अंधुक, किंवा ह्याच्या उलट, असे दिसत असेल आणि नेत्रिका कितीही फिरविली तरी दोन्ही एकदम स्पष्ट होत नसतील, तर डोळ्यात दृष्टिवैषम्य असण्याचा संभव आहे. तो दोष नेत्रिकेने जात नाही. त्याला नेत्रवैद्याने दिलेला चष्माच हवा. दुहेरी भिंगांचा चष्मा असेल तर दूरचे पाहण्याच्या वरच्या भागातूनच पाहावे. वाचनाचा खालचा भाग येथे उपयोगाचा नाही. चित्र अंधुक आहे म्हणून डोळा नेत्रिकेच्या जवळ नेणे हा उपाय नव्हेच. डोळा व नेत्रिका ह्यांमध्ये साधारणपणे ८ ते १० सेंटिमीटर अंतर राखावे लागते. मोठ्या बोअरच्या रायफलीचा धक्का बसला की दुर्बिणीची कड भुवईवर आदळते, आणि ही जखम बहुधा अशाच पुढे सरकलेल्या डोळ्याच्या वाट्यास येते.

नेत्रजुळणी झाल्यावर लक्ष्यजुळणी करावी आणि मग परीक्षा घ्यावी. रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून, तिला हात न लावता, डोळा किंचित वर-खाली व डावी-उजवीकडे हलवावा. फुली लक्ष्यावर चिकटल्यासारखी स्थिर राहिली तर दोन्ही जुळण्या साधल्या. ती सरकली तर बाजूची फिरकी थोडी फिरवून पुन्हा पाहावे. ज्या दुर्बिणीस ही फिरकी नाही तिच्या बाबतीत उपाय एकच : गाल दर वेळी त्याच जागी टेकावा आणि डोळा मध्यावर ठेवावा. नेत्रिकेवर एक बारीक खूण करून ठेवली तर रायफल दुसऱ्याच्या हातून परत आली तरी आपली जागा चटकन सापडते. चष्म्याचा अंक बदलला की ही खूणही बदलावी.

६

हाच क्रम परभणी जिल्ह्यात शस्त्राशी काडीचाही संबंध नसलेल्या एका कामात पाळला जातो. पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्ते झाली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात येतो. कालव्याचे पाणी केवळ उताराने वाहते आणि उतार फार अल्प असतो. म्हणून अशा कामात जमिनीची पातळी लेव्हल नावाच्या यंत्राच्या दुर्बिणीतून मोजत न्यावी लागते. त्या दुर्बिणीतही फुली असते, नेत्रिका असते आणि मोजपट्टीची प्रतिमा स्पष्ट करणारी फिरकी असते. मोजणी शिकणाऱ्यास पहिला धडा हाच मिळतो की, पदार्थभिंगासमोर पांढरा कागद धरून नेत्रिका फिरवावी व आधी फुली रेखीव करावी, नंतर मोजपट्टी स्पष्ट करावी, आणि मग डोळा वर-खाली करून फुली पट्टीवर सरकते का ते पाहावे. यंत्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेले की नेत्रजुळणी पुन्हा करावी लागते. हे न केल्यास दर मुक्कामी वाचनात काही मिलिमीटरांची चूक शिरते, कागदावर उतार बरोबर दिसतो आणि पाणी कालव्याच्या टोकाकडील शेतापर्यंत पोचत नाही. तेथे कुणी पराशयास दोष देत नाही. दोष पाण्यास दिला जातो.

चांदमारीचे मैदान आणि कालव्याचा काठ ह्या दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे. पाहण्याच्या साधनात एक भाग पाहणाऱ्याचा असतो आणि एक भाग पाहिल्या जाणाऱ्या वस्तूचा. पाहणाऱ्याचा भाग आधी जुळवावा, वस्तूचा नंतर. आणि दोन्ही जुळल्यावाचून साधनाच्या खरेखोटेपणाविषयी निर्णय देऊ नये. नेत्रजुळणी, लक्ष्यजुळणी आणि नेमजुळणी ही तीन नावे वापरात आली तर शिकविणाऱ्यास 'दुर्बीण नीट लाव' एवढे मोघम सांगून थांबावे लागणार नाही. कोणते कडे फिरवावयाचे, कशासाठी, आणि कोणत्याच्या आधी, हे त्या नावांतूनच कळेल. छात्रसैनिकाच्या कानी येणारा शिस्त हा शब्द मग त्याला तितकासा परका वाटणार नाही. नेम आणि नियम ह्यांचा संबंध भाषेने फार पूर्वीच जोडून ठेवला आहे. दुर्बिणीच्या बाबतीत तो नियम क्रमाचा आहे, आणि त्या क्रमात पहिले स्थान डोळ्याचे आहे.